वितळलेला वाडगा

धाकटीला घरात सगळे उकिरडी म्हणत. कुठेही गेली तरी ही बाई मूठभर माती घेऊनच परतायची, दातांखाली घालून कचकच लागते का बघायची आणि थुंकायची. ताईला त्याची भारी किळस. कारखाना ताईचा, भट्टी ताईची आणि प्रत्येक बरणीच्या बुडाशी अंगठ्याचा ठसाही ताईचाच. बारा वर्षं माती मळूनही धाकटीचा अंगठा एकाही भांड्यावर उठला नव्हता. हे तिला फार डाचायचं.

ओढ्याकाठची तांबूस माती दातांखाली लोण्यासारखी लागली, तेव्हा तिने हट्टच धरला. चार बादल्या वाहून आणल्या, कालवल्या, कापडातून गाळल्या आणि एक वाडगा केला.

"एकदाच," ताई म्हणाली. "भट्टीतल्या वरच्या फळीच्या कडेला ठेव. बिघडला तर पुन्हा ओढ्याचं नाव काढायचं नाही. पोत्यातली माती मळायची, मुकाट्याने."

"कबूल," धाकटी म्हणाली खरी, पण दोन दिवस भट्टीभोवतीच घुटमळत राहिली.

भट्टी निवली. ताईने दार उघडलं आणि धाकटी आत डोकावली. वाडगा नव्हताच! फळीवर नुसता ओघळ होता, आणि तो थेट खालच्या पांढऱ्या बरणीवर उतरला होता.

"वाट लावलीस माझ्या बरणीची!" ताई कडाडली.

धाकटीने रडू आवरत बरणी दारातल्या उजेडात नेली. ओघळावरून बोट फिरवलं आणि ते तिथेच थबकलं. काचेसारखा गुळगुळीत, मधासारखा तपकिरी, कडेला सोनेरी. विकतच्या झिलईचे डबेच्या डबे संपवूनही ताईला हा रंग कधी साधला नव्हता.

"ताई, चुकलंच माझं. या मातीचं भांडं व्हायचं नाही, एवढ्या आचेला ती वितळते. पण भांड्यावर चढवली तर?"

ताईने बरणी हिसकावली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"गाळलेली उरलीय का?"

"तीन बादल्या आहेत."

पुढच्या भट्टीतून अकरा बरण्या निघाल्या. अकराच्या अकरा मधाळ! धाकटी अंगणभर नाचली, आणि ताईने तिला एकदाही हटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने चाकावरून नवी बरणी उतरवली आणि तिचं ओलं बूड धाकटीपुढे धरलं. "माझ्या ठशाशेजारी उठव. लाजू नकोस, दाब जोरात."

धाकटीने दाबला. इतका दाबला की बूडच आत गेलं, आणि ताईने लगेच बरणी नव्याने घडवायला घेतली.