तेविसावी सळई

जुन्या दगडी पुलांच्या कमानींत सळया बसवायचं काम मी तीस वर्षं करतोय. या धंद्यात माझ्याइतका घमेंडखोर माणूस दुसरा नाही, असं माझी लेक म्हणते. तिला तो हक्क आहे, कारण ती तपासनीस आहे. मी सळया बसवतो, ती ओढून बघते. बापाचं काम लेकीनं तपासू नये, हे वरच्यांना सुचायला हवं होतं. पण तपासनिसांचा तुटवडा, त्यामुळे सगळ्यांनीच काणाडोळा केला.

कमानीचे दगड सुटू लागले, की वरून लांब तिरकं भोक पाडून त्यात सळई सोडायची. सळईभोवती कापडी पिशवी असते. पिशवीत पातळ सिमेंट दाबानं भरलं, की ती फुगते आणि दगडांना आतून घट्ट धरते. बाहेरून यातलं काहीच कळत नाही. दिसतं ते फक्त अंगठ्यानं गुळगुळीत केलेलं भोकाचं तोंड.

तेविसाव्या भोकात पिशवी फाटली. पंपाचा काटा वर सरकेना, सिमेंट पुलाच्या पोटात कुठेतरी गडप होत राहिलं. अशा वेळी सळई लगेच उपसायची, भोक धुवायचं आणि नवी पिशवी घालायची. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. पण त्याच सकाळी मी नव्या पंपवाल्यासमोर फुशारकी मारली होती, की तीस वर्षांत एकही सळई उपसावी लागलेली नाही. तो शेजारीच उभा होता. मी घट्ट सिमेंटचा गोळा करून तोंड बुजवलं, अंगठा फिरवला आणि म्हणालो, "झालं. पुढचं घ्या."

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. अन्न गोड लागेना. पुलाच्या साठ सळयांत एक गेली तर काय बिघडतंय, असं स्वतःला समजावून पाहिलं. पण तेविसावी नेमकी कमानीच्या भेगेवर होती आणि सोमवारपासून त्या भेगेवरून शाळेच्या बस जाणार होत्या.

शनिवारी सकाळी लेक सळया ओढून बघायचा जॅक घेऊन आली. साठातल्या पाच सळया ओढायच्या होत्या. चार तिनं आपल्या मनानं निवडल्या आणि चारही पास झाल्या.

"पाचवी तुम्ही सांगा, बाबा," ती हसत म्हणाली. "तुमची लाडकी कुठली?"

अकरावी, असं अगदी जिभेवर आलं होतं. अकरावी माझी झकास बसली होती.

"तेवीस," मी म्हणालो.

तिनं जॅक लावला. जॅकचा काटा जरासा हलला आणि तिथंच थांबला. सळई निमूट बाहेर येऊ लागली, फाटक्या कापडासकट. पंपवाला नदीकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"भरली तेव्हापासून."

ती लिहीत होती. तिनं मान वर केली नाही.

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या चोख आहेत. तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊ नका. याआधीच्या चार पुलांवर माझी सही आहे, बाबा. तिथल्या?"

"त्याही चोख आहेत," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण तिनं ते का मानावं, हे मला सांगता येईना.

"सोमवारी पूल उघडणार नाही," ती म्हणाली. "साठच्या साठ ओढायच्या. मग ते चार पूल. एकपासून सुरू करू."

मी वाकून जॅकला हात घातला. तो भलताच जड असतो, आजवर एका सळईवरून दुसरीवर मीच न्यायचो.

"राहू द्या," ती म्हणाली. "ज्यानं सळई बसवली, त्यानं जॅकला हात लावायचा नाही."

नियम तसाच आहे. आजवर तिनं तो कधी लावला नव्हता. तिनं पंपवाल्याला हाक मारली.