काढा त्याला

चौथा चेंडूही जमिनीवर आपटून धूळ उडवत गेला, तसा डेल्मर हॉस्किन्स हातातला सूर्यफुलाच्या बियांचा कागदी पेला बाकावर ठेवून उभा राहिला.

“काढा त्याला!”

डेल्मरने उभा जन्म शाळेची बस चालवली होती आणि मागच्या सीटवरच्या मारामाऱ्या मान न वळवता नुसत्या आवाजाने मोडल्या होत्या. बेसबॉलच्या मैदानात तिसऱ्या बेसमागच्या लाकडी बाकांवरून निघालेली त्याची आरोळी मैदान ओलांडून पलीकडच्या मक्याच्या शेतात जायची. संघ चालवणाऱ्या मॅनेजरला ती ऐकू आली नसेल असं म्हणायला जागाच नव्हती.

नऊपैकी दुसराच डाव चालू होता आणि तिन्ही बेस भरलेले होते. आपला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, रूडी एस्कामिया याने चार चेंडू भलतीकडे टाकल्यामुळे या बॅटरलाही पहिला बेस फुकट मिळाला, सगळे एकेक घर पुढे सरकले आणि तिसऱ्यावरचा गडी चक्क चालत येऊन धाव करून गेला.

“धाव दिली ती दिली, वर पळायचेही कष्ट दिले नाहीत,” डेल्मर खाली बसत म्हणाला.

“आपल्या गावचा पाहुणचार आहे तो,” लॉइड म्हणाला. लॉइड म्हणजे डेल्मरच्या बायकोचा भाऊ. या दोघांचं कधी पटलं नाही आणि घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी एकमेकांशिवाय पाहिला नाही.

पुढच्या बॅटरने मारलेला चेंडू सरपटत नेमका आपल्याच खेळाडूच्या हातात गेला आणि डाव कसाबसा आटोपला.

दोघांच्या मधे वर्ना टेसार बसली होती. नवरा गेल्यापासून ती या दोघांच्या मधे बसते, म्हणजे भांडण हातघाईवर येत नाही. आज ती नेहमीपेक्षा गप्प होती. टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि भर दुपारचं ऊन डोक्यावर घेत होती.

“वर्ना, राग मानू नकोस,” डेल्मर म्हणाला, “पण तुझ्या त्या भाडेकरूचा हात संपलाय.”

“भाडेकरू नाही तो. घरात राहतो माझ्या.”

“तेच ते. जेवायला घालतेस ना? मग जरा कमी घाल. चेंडू जड पडतोय त्याचा.”

आमच्या बगळ्यांसारख्या लहान संघात खेळाडूंच्या पगारात खोली मिळत नाही. मग गावातलीच माणसं त्यांना उन्हाळाभर घरी ठेवून घेतात. संघाचं खरं नाव हेरन्स, पण हरायला लागले की सगळे त्यांना बगळेच म्हणतात, आणि या ऑगस्टमध्ये दुसरं नाव कोणाच्या तोंडी आलंच नव्हतं. बॅटर धावा करत होते, पिचर त्या दुप्पट वाटत होते.

“दोष हाताचा नाही, पायाचा आहे,” लॉइड म्हणाला. “पुढचा पाय लवकर पडतो. मग चेंडू जातो बोंबलत.”

“पायाचा दोष असता तर एकाचा असता. इथे सगळ्यांचीच बोंब आहे. मॅनेजर कोणाला विश्रांती देत नाही. बस सुद्धा एवढी पळवत नाहीत.”

“तुझी बस ढकलायलाच लागायची.”

वर्नाला हसू आलं नाही. सकाळी ती उठली तेव्हा रूडीने आपल्या पलंगावरच्या चादरी काढून, घड्या करून जिन्यावर ठेवल्या होत्या. संघातून एक पिचर कमी करायचाय आणि आजचा सामनाही गेल्या चार सामन्यांसारखा गेला तर तो पिचर तू, असं मॅनेजरने त्याला सरळ सांगितलं होतं. “सामना संपल्यावर मला बसस्टँडवर सोडाल का, मिस वर्ना?” त्याने विचारलं होतं. टेक्ससच्या पार दक्षिणेला त्याची बायको आणि छोटी मुलगी होती. तिशी उलटलेल्या पिचरला इथून काढल्यावर दुसरं कोणी घेत नाही, हे बाकांवरच्या कोणालाही सांगावं लागलं नसतं. त्याची बॅग आत्ता वर्नाच्या गाडीच्या डिकीत होती. चादरी तिने धुऊन दोरीवर टाकल्या होत्या. हातांना काहीतरी करायला हवं होतं.

रोज संध्याकाळी तो तिच्या गॅरेजमध्ये भिंतीला जुनी गादी टेकवून तिच्यावर चेंडू फेकायचा. गादीला लागला की धप्प, चुकून लाकडाला लागला की खाड. वर्ना स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता ऐकत असे. गेले तीन आठवडे खाडखाड फार चालली होती.

डेल्मर तिसऱ्या डावात ओरडला, चौथ्यात ओरडला. पाचव्यात रूडीने आणखी एकाला फुकट बेस दिला तेव्हा तर दोन वेळा ओरडला. वर्नाने डोळे मिटून घेतले, आणि डोळे मिटल्यावर तिला चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यातला आवाज ऐकू आला. धप्प. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. खोल, भरीव. तिने डोळे उघडले नाहीत.

डाव संपताना बगळ्यांनी दोन धावा काढल्या आणि चक्क पुढे गेले. त्याच वेळी लॉइडचं लक्ष धावफलकाकडे गेलं. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग वर्नाच्या पुढून हात लांब करून त्याने डेल्मरच्या गुडघ्यावर ठेवला.

“काय आहे?” डेल्मर म्हणाला.

लॉइडने नुसती हनुवटी उचलली.

फलकावर पाहुण्यांच्या नावापुढे धाव एक होती. तिच्या शेजारी, हिटच्या रकान्यात, शून्य. चेंडू जमिनीत गेले होते, माणसं फुकट चालत गेली होती, शिव्या घालण्यात दुपार गेली होती, आणि या सगळ्या गोंधळात एकाही बॅटरला रूडीचा चेंडू मारून बेस गाठता आला नव्हता.

डेल्मरचं तोंड उघडं राहिलं आणि मग मिटलं. अशा गोष्टीचं नाव घ्यायचं नसतं. पिचर अखेरपर्यंत एकही हिट न देता गेला, असा सामना बघायला माणसं जन्मभर बाकं झिजवतात, आणि तो घडत असताना त्याबद्दल ब्र काढत नाहीत. काढला की मोडलं. जागा बदलायची नाही, टोपी घातली असेल तर काढायची नाही, काढली असेल तर घालायची नाही. वर्नाचं कपाळ लालभडक झालं होतं. तिने टोपीला हात लावला नाही. डेल्मरला केव्हाचं मुतारीत जायचं होतं, तो विचार त्याने सोडून दिला.

सहाव्या डावात तो एक शब्द बोलला नाही. रूडीने पहिल्याच चेंडूआधी मान वर करून बाकांकडे पाहिलं, कसलीतरी चाहूल घेतल्यासारखं. तो चेंडू बाहेर गेला. दुसराही. तिसरा बॅटरने असा हाणला की तो थेट कुंपणाकडे निघाला. कुंपणापाशी आपल्या पोराने उडी मारून तो जेमतेम पकडला.

लॉइड वर्नाच्या पाठीमागून झुकला.

“ओरड.”

“काय?”

“प्रत्येक डावात ओरडलायस. आज गप्प बसून चालणार नाही तुला.”

“पण मॅनेजरने खरंच काढलं म्हणजे?”

“अहो, ओरडा ना,” मागच्या रांगेतली एक अनोळखी बाई कळवळून म्हणाली.

डेल्मरने वर्नाकडे पाहिलं. वर्नाने मान डोलावली.

“काढा त्याला!” डेल्मर उभा राहून ओरडला. शब्द तेच होते, पण देवळात उभं राहिल्यासारखे त्याने दोन्ही हात समोर गच्च धरले होते. मैदानावर रूडीने खांदे सैल सोडले आणि फेकलं.

धप्प.

सातवा डाव गेला, आठवा गेला. लिंबू सरबत विकणाऱ्या बाईने ट्रे पायऱ्यांवर ठेवला आणि तिथेच बसली. पाहुण्यांच्या बाजूचे लोकही गप्प झाले. एवढी माणसं एकत्र असून इतकी शांतता वर्नाने फक्त बर्फ पडताना अनुभवली होती. एक थकलेला, घाम गाळणारा, सगळ्यांनी मोडीत काढलेला माणूस मधल्या उंचवट्यावर उभा होता, आणि ज्याच्यावर कोणाचा भरवसा नव्हता तो हात पुन्हा पुन्हा वर जात होता. हे आपल्यासमोर होतंय, हे तिला खरं वाटेना. त्या शांततेत डावागणिक एकदाच, घोगऱ्या होत गेलेल्या आवाजात डेल्मरची आरोळी उठायची. कोणी त्याच्याकडे वळून पाहायचं नाही.

शेवटच्या डावात दोन बाद झाले, एकच उरला, आणि मॅनेजर उठला. हात मागे बांधून तो सावकाश उंचवट्याकडे चालत निघाला. एका पिचरने टाकावेत त्याहून कितीतरी जास्त चेंडू रूडीने केव्हाच टाकले होते. त्याला आत्ता काढलं असतं तर कोणाला त्यावर बोट ठेवता आलं नसतं.

लॉइडने वर्नाचा हात धरला. डेल्मर मात्र उठला. त्याचे गाल ओले होते.

“काढा त्याला,” तो म्हणाला. आवाज जवळजवळ राहिलाच नव्हता, पण त्या शांततेत तो पोचला.

मॅनेजर उंचवट्यापाशी थबकला आणि त्याने काही विचारलं. रूडी मोज्याआड काहीतरी बोलला. मॅनेजरने बाकांकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी जराशी सरकवली आणि एकटाच परत गेला.

मग तीन चेंडू, तिन्ही हुकले की बॅटर बाद. धप्प. धप्प. शेवटच्या वेळी बॅटरने जीव खाऊन बॅट फिरवली आणि ती नुसत्या वाऱ्याला लागली. चेंडू मोज्यात पडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. मग बाकं दणाणली.

बऱ्याच वेळाने, गर्दी पांगल्यावर, वर्ना गाडीजवळ उभी होती. डिकी तिने सवयीने उघडली होती. डेल्मर टोपी हातात घेऊन आला, मुतारीत एकदाचा जाऊन आलेला. त्याची नजर डिकीतल्या बॅगेवर गेली. वर बांधलेली बुटांची जोडी त्याने ओळखली. 

“आज सकाळपासून?” त्याने घोगऱ्या कुजबुजीत विचारलं.

“सकाळपासून.”

रूडी खांद्याला बर्फाची पिशवी बांधून आला. बॅगेकडे त्याने पाहिलं, पण हात लावला नाही.

“मिस वर्ना, चादरी वाळल्या असतील का हो?”

“एव्हाना वाळल्या असतील,” वर्ना म्हणाली. तिला तोंड फिरवावं लागलं.

डेल्मरला काही बोलायचं होतं. रूडीच आधी बोलला.

“मॅनेजरने मला विचारलं, थकलास का,” रूडी त्याला म्हणाला. “मी म्हटलं, तो वर ओरडणारा माणूस थकू दे आधी.” मग जरा थांबून त्याने विचारलं, “शुक्रवारी परत माझी पाळी आहे. याल ना?”

डेल्मरने मान डोलावली. मग पुढे होऊन, बॅग आतच ठेवून, दोन्ही हातांनी त्याने डिकीचं झाकण हळूच खाली लावलं.