अकोल्याचा विलायती ड्रम

"पाटीवर लंडन लिवलं हाये ना? मंग झालं! तू फक्त साल काढून दे," भगवंतराव खुशालरावला म्हणाले. "वरात ठरवाले येनारे लोक इचारतात, किती सालचा हाये म्हणून. आपुन काय सांगावं?"

भगवंतराव अमरावतीतल्या एका बँडपार्टीचे मालक. विलायती म्हटलं की ते उगीचच ताठ बसायचे. अकोल्याचं एक जुनं थेटर बंद पडलं, तिथल्या माळ्यावरचा ड्रमसेट त्यांनी गेल्या महिन्यात उचलून आणला होता. एक मोठा ड्रम, एक लहान, वर टांगायची झांज आणि मोठ्या ड्रमवर पायाने ठोका द्यायचं पेडल. मूकपटांच्या काळात पडद्यासमोर बसून हे सगळं एकच माणूस वाजवायचा.

तो माणूस खुशालरावचा बाप होता. भगवंतरावांना हे ठाऊक नव्हतं आणि खुशालरावने सांगितलंही नाही.

खुशालराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. रविवारी बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करून द्यायचा. त्याचा बाप श्रावण दिवसा अकोल्याच्या एका प्रेसमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचा आणि संध्याकाळी थेटरात ड्रम वाजवायचा. "तो ड्रम म्याच बनवला," असं तो भेटेल त्याला सांगे. बॉयलरच्या वाफेवर फळी वाकवली, म्हणे. लोक हसायचे. पंधरा वर्षांपूर्वी घरात पाहुणे बसलेले असताना खुशालरावच वैतागून म्हणाला होता, "बा, पुरे कर आता! विलायती माल तू कवा बनवला?"  त्यानंतर बाप दहा-अकरा वर्षं जगला, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, नातवंडं खेळवली, पण ड्रमचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

म्हणून आज खुशालरावची मोठी पंचाईत झाली होती. ड्रम कुठला ते जाणून घेण्याची त्याला खाज होती, आणि तो लंडनचाच निघावा असंही वाटत होतं. लंडनचा निघाला तर आपण बापाला उगाच खोटं पाडलं नाही, एवढं तरी समाधान.

त्याने आधी मोठ्या ड्रमवरची पाटी सोडवली. पितळेची, मुळात सपाट. ड्रमच्या गोलाईवर बसावी म्हणून ठोकून वाकवलेली. मागे हातोडीचे वळ स्पष्ट दिसत होते.

"ही दुसऱ्याच कशावरची हाये. बाजाच्या पेटीवरची असन. ड्रमवाल्यानं आपलीच पाटी अशी ठोकून कायले वाकवली असती?"

"इंग्रजायचं काई सांगता येत नाई बापा," भगवंतराव म्हणाले.

खुशालरावने हसू दाबलं आणि एका बाजूचं कातडं उतरवलं. आत कंदील धरल्यासारखा उजेड पडला. फळी सागाची, पातळ तासलेली, आणि जिथे तिची दोन टोकं जुळत होती तिथे जाड कापडाची पट्टी चिकटवलेली. त्याने बोट ओलं करून पट्टीच्या कडेला घासलं, नाकाशी नेलं. हाडांचा सरस असता तर घाण वास आला असता. वास नव्हता, नुसता चिकटपणा होता. लहानपणी घरात पतंग चिकटवायला असायची तीच चिंचोक्याची खळ.

"लंडनमंदी चिंचा लागतात का हो, भगवंतराव?"

त्याने थट्टेच्या सुरात विचारलं खरं, पण लगेच ड्रम उजेडाकडे फिरवला. पट्टी नीट पाहिली तर ते गठाणीवरचं बारदान होतं. त्यावर काळ्या शाईचा छापा, अर्धा फाटलेला. वर्कशॉपात इंग्रजी अक्षरं वाचायची सवय होती, त्यामुळे त्याला जमलं. अकोला. खाली हंगाम, २७-२८.

साल मिळालं, गावही मिळालं. तरीही त्याचं मन ऐकेना. अकोल्यात प्रेस काय एक होती? गठाणी बांधणारे हात तर हजारो. त्यातल्या कुणीही केला असेल, असं म्हणत त्याने पेडल पुढे ओढलं.

लोखंडी पट्टीचं, घरगुती काम. टाच टेकायला वाटीसारखा खोलगा आणि एका बाजूला पाऊल घसरू नये म्हणून उभी कड. खुशालरावने चप्पल काढून उजवा पाय ठेवला. कड नेमकी अंगठ्याखाली आली. पाय तिरपा केला, मागे घेतला, बसेना.

"कायले नाचून राहिला बे?" भगवंतराव म्हणाले. "सगळ्या ड्रमचं पेडल उजव्याच पायाचं रायते."

खुशालरावने डावा पाय ठेवला. टाच खोलग्यात बसली, पाऊल कडेला अलगद टेकलं.

गठाण पडून श्रावणचा उजवा पाय घोट्यात कायमचा आखडला होता; पेडल दाबायला डावाच उरला होता. खुशालराव तेव्हा दोन वर्षांचा होता. बाप लंगडतच चालतो, असंच त्याने जन्मभर पाहिलं होतं. खुशालराव तसाच उभा राहिला, एक पाय उघडा. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

"काय झालं रे?"

"हा अकोल्याचा हाये. सन सत्तावीस-अठ्ठावीसचा. माह्या बानं बनवला."

भगवंतरावांनी एकदा पेडलकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. माणूस वाईट नव्हता. "असन बापा," ते हळूच म्हणाले. "पन पाटी लाव परत. अकोल्याचा म्हटलं तं वरातवाले नाक मुरडतात."

खुशालरावने पाटी लावून दिली.

घरी बायकोने, मनकर्णाने, सगळं ऐकून घेतलं. ती भाकरी थापत होती. "मले मामाजीनं सांगतलं होतं," ती सासऱ्याविषयी म्हणाली. "फळी वाकवतानी दोनदा तुटली, तिसऱ्यांदा जमली."

"मले काहून नाई सांगतलं तू?"

"तुमी इचारलं कवा?"

पुढच्या रविवारी सकाळी जवाहर गेटजवळून वरात चालली होती. ड्रमसेट हातगाडीवर बांधलेला, पितळी पाटी उन्हात चमकत होती. खुशालराव रस्त्याच्या कडेला उभा होता. शेजारी पटका बांधलेला एक अनोळखी म्हातारा वरात पाहत होता. खुशालराव त्याच्याकडे वळला.

"तो मोठा ड्रम हाये ना, तो माह्या बानं केला."

बँडच्या आवाजात म्हाताऱ्याला काही ऐकू गेलं नाही. त्याने कानामागे हात धरला. खुशालराव त्याच्या कानाशी वाकला आणि पुन्हा, पहिल्यापासून सांगू लागला.