उंबराच्या पाण्याची चाल

मरोळ गावच्या कॉस्मसला गिटार वाजवून जग हलवायचं होतं. हललं ते एक दार, तेही भुताच्या सिनेमातलं.

झालं असं, की एकाहत्तर साली त्याने जुन्या रेडिओपासून घरच्या घरी ॲम्प्लिफायर बनवला. तो गिटारच्या आधी स्वतःच किंचाळायचा. मढच्या एका बंगल्यातल्या पार्टीत त्याचा रॉक बँड वाजवत असताना ॲम्प्लिफायर असा काही किंचाळला, की पाहुणे उठून समुद्राकडे गेले. निर्माते चंद्रप्रकाश मात्र बशी खाली ठेवून पुढे आले.

"माझ्या सिनेमात एक दार आहे," ते म्हणाले. "नुसतं करकरतं. मला ते रडायला हवंय."

कॉस्मसला वाटलं, एक दार रडवू आणि परत बँडमध्ये जाऊ. त्याने न वाचता सही केली. कागदावर पाच वर्षं होती, आणि मधेच सोडायचा हक्क फक्त चंद्रप्रकाशांना.

दोन वर्षांत त्याने अकरा दारं, चार झुंबरं आणि एका मांजराला पार्श्वसंगीत दिलं. चुकून गोड सूर लागला, की चंद्रप्रकाश काचेपलीकडून मान हलवायचे. फार जिवंत वाटतंय, म्हणायचे. अंधेरीच्या त्या स्टुडिओत खिडकी एकच होती. ती सेटवर, आणि तिच्यामागे भिंत.

मग बँडला कलकत्त्याच्या हॉटेलात काम मिळालं. सोमवारी निघायचं होतं. ड्रम वाजवणारा जॉनी म्हणाला, "दहिसरचा एक गिटारवाला तयार आहे. भिकार वाजवतो रे, पण मोकळा आहे ना."

आता चंद्रप्रकाशांनी आपल्याला हाकललंच पाहिजे, असं कॉस्मसने ठरवलं. नव्या सिनेमात विहिरीतून प्रेताचा हात वर यायचा. तिथे त्याने उंबराच्या पाण्याची चाल टाकली. लग्नाआधी गावच्या बायका नाचत-वाजवत विहिरीवर जाऊन आंघोळीचं पाणी आणतात, तेव्हाची. त्याहून आनंदी चाल मरोळात नव्हती.

चंद्रप्रकाशांनी ती ऐकली. चष्मा काढून डोळे पुसले. प्रेताची नवरी केली, हातात हिरवा चुडा भरला आणि खूश होऊन करार आणखी दोन वर्षांनी वाढवला. सोमवारी बँड गेला. सिनेमा पंचवीस आठवडे चालला.

पुढच्या वर्षी कॉस्मसच्या बहिणीचं, एमिलियाचं लग्न निघालं. बायका घागरी घेऊन विहिरीवर पोचल्या, वाजंत्र्यांनी ती चाल धरली आणि नाचणारे पाय जागच्या जागी थांबले. अख्ख्या मरोळाने सिनेमा पाहिला होता, काहींनी दोनदा. दोराला कुणी हात लावेना.

पाणी नाही तर आंघोळ नाही, आणि आंघोळीवाचून पोरगी चर्चला जायची कशी? कॉस्मसची आई, कॉन्सेप्टा, त्याच्याकडे वळली.

"भूत तू सोडलंस त्यात. आता बादलीही तूच सोड."

त्याने सोडली. वाजंत्र्यांनी चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. सिनेमात चालीच्या चौथ्या फेरीला हात यायचा. तिसरी फेरी संपली. चौथी लागली. बादली वर आली, ती धरायला तो वाकला, आणि त्याचाच ओला हात कठड्यावर टेकला. बायका किंचाळल्या. किंकाळी नेमकी त्याच्या ॲम्प्लिफायरच्या सुरात होती.

मागे टाळी वाजली. आमंत्रित चंद्रप्रकाश सुटाबुटात उभे होते.

"हात अर्धा ठेका उशिरा आला, कॉस्मस," ते मायेने म्हणाले. "सोमवारी बघू."