दारू न पिता कावीळ होते का

लोक गुगलवर काय विचारतात ते वाचणं, हे प्रियदर्शनीचं काम होतं. कोण विचारतं ते तिला कधी दिसत नसे. फक्त प्रश्न दिसत आणि ते अंदाजे कुठल्या भागातून आले तेवढं कळे. पुसदहून शिकायला पुण्यात आलेली ती मुलगी आता खराडीच्या एका लहानशा जाहिरात कंपनीत होती. स्वस्त इंटरनेट नुकतंच ज्याच्या त्याच्या हाती पोचलं होतं आणि लोक मोबाइलला मराठीतून प्रश्न विचारायला लागले होते.

तिच्याकडे पाणी शुद्ध करायच्या मशीनची जाहिरात होती. 'पाण्याला वास', 'जुलाब', 'कावीळ' असं काही कुणी शोधलं की त्याच्या मोबाइलवर मशीन झळकायचं. हे शब्द तिनेच निवडले होते.

मार्चमधल्या एका सोमवारी तिने रिपोर्ट उघडला, तर वारज्याच्या बाजूचे आकडे एकदम वर गेलेले. 'लघवी पिवळी होते'. 'काविळीवर गावठी औषध कुठे मिळते'. 'काविळीत ऊस चालतो का'. आणि एक प्रश्न पुन्हा पुन्हा, दर वेळी शुद्धलेखनाची वेगळी चूक करून आलेला: 'दारू न पिता कावीळ होते का'.

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. असा स्पष्ट रिपोर्ट क्वचित हाती लागतो. तिने तो दत्तप्रसाद सरांना दाखवला. कंपनी त्यांचीच होती.

"मग बघत काय बसलात?" ते म्हणाले. "त्या भागाचं बजेट वाढवा. याला म्हणतात इनसाइट."

"सर, तिथलं पाणीच खराब असणार."

"म्हणूनच तर मशीन घेतील. चांगल्या पाण्याला मशीन कोण लावतं?"

तिने बजेट वाढवलं. जागेवर परत आली, पण काम सुचेना. डबा उघडून तसाच बंद केला. दारू न पिता. कुणीतरी एकाच माणसासाठी पुन्हा पुन्हा हे विचारत असावं, असं तिला वाटत राहिलं, आणि त्या प्रश्नाच्या उत्तराआधी तिने निवडलेली जाहिरात येत होती.

संध्याकाळी तिने महापालिकेच्या पाण्याच्या तक्रारींच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसाने पत्ता विचारला. तिच्याकडे पत्ता नव्हता. तक्रार कुणाची, तर तेही नाव नव्हतं. "वारज्याच्या पुढे म्हणजे कुठे, मॅडम? माणूस कुठे पाठवू?" त्याने शांतपणे विचारलं. त्याचंही काही चुकत नव्हतं.

मग तिने वेगळाच उद्योग केला. जाहिरात ज्या भागात दिसते त्याचं वर्तुळ नकाशावर काढता येतं, आणि रिपोर्टात प्रश्न त्या वर्तुळातलेच येतात. ते ती रोज सरकवत आणि लहान करत गेली. प्रश्न कुठे आटतात, कुठे वाढतात ते बघत राहिली. आठवड्याच्या शेवटी ते वर्तुळ वारज्यापलीकडे, टेकडीखालच्या एका वस्तीवर येऊन थांबलं.

शनिवारी कोथरूडच्या आपल्या खोलीवरून ती स्कूटर काढून तिकडे गेली. औषधाच्या दुकानात काविळीवर काय मिळतं ते सहज विचारल्यासारखं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "लिव्हरची बाटली ना? सगळे संपतशेठच्या खोल्यांतलेच येतात. तो बघा निळा बंगला."

बंगल्याच्या ओट्यावर तुळजाबाई लसूण सोलत होत्या. इथली शेती त्यांचीच होती. गाव शहराच्या हद्दीत गेलं तसा त्यांच्या मुलाने, संपतने, शेतात भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठवल्या होत्या.

"मावशी, इथे कुणाला कावीळ झालीय का?" प्रियदर्शनीने विचारलं.

तुळजाबाईंचे हात थांबले. "तुला कुनी सांगितलं?"

आवाज ऐकून संपत बाहेर आला. "कुठनं आलाय आपण?"

तिने खरं ते सांगितलं. इथले लोक मोबाइलवर काय विचारतात ते तिला दिसतं, आणि ते सगळे काविळीबद्दल विचारत आहेत.

"आमच्या मोबाइलमधलं तुम्हाला दिसतंय?" संपतचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "आन तुम्ही इकता काय?"

"पाण्याच्या मशीनची जाहिरात करते."

"हां. म्हंजे घाबरवायचं आन मशीन इकायचं. निघा."

तो म्हणाला त्यातलं काहीच खोटं नव्हतं. ती वळली, तेवढ्यात दारात उभी असलेली संपतची बायको तनुजा म्हणाली, "थांबा. दारूचं मीच विचारत होते."

संपत गर्रकन तिच्याकडे वळला.

"माझ्या भावाला झालीय," तनुजा नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "विक्रमला. तिसऱ्या रांगेत राहतोय. ह्यांना वाटतं पितो म्हणून झाली. तो थेंब घेत नाही. पण माझं ऐकणार कोण? म्हणून विचारत होते, तसं होतं का म्हणून."

"पाण्यातून होते," प्रियदर्शनी म्हणाली. "तुमच्या खोल्यांना पाणी कुठून येतं?"

तनुजाने खोल्यांमागची जमिनीतली टाकी दाखवली. टाकीला खेटूनच संडासाच्या लाइनचं चेंबर होतं. जागा वाचावी म्हणून संपतनेच ते तिथे घेतलं होतं. तो तिथे आला, त्याने दोन्ही झाकणांकडे बघितलं. मग टाकीचं झाकण त्याने स्वतः सरकवलं. वास आल्यावर त्याने तोंड फिरवलं.

"मोटार बंद कर," तो तनुजाला म्हणाला. मग मेव्हण्याचं नाव न घेता विचारलं, "त्याला डॉक्टरकडं नेलंय का?"

"आता नेऊ," ती म्हणाली.

त्याच दिवशी पाण्याचा टँकर आला. प्रियदर्शनीने पुन्हा तोच नंबर फिरवला, या वेळी पत्ता होता. सोमवारी पालिकेची माणसं येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेली, नंतर चेंबर लांब हलवलं गेलं. विक्रम अशक्त झाला होता, पण बरा झाला. हे तिला तनुजाने फोनवर सांगितलं आणि जाता जाता म्हणाली, "मशीन पण घेतलं आम्ही. सासूबाई म्हणतात, ती पोरगी त्यासाठीच आली होती."

महिन्याच्या मीटिंगमध्ये दत्तप्रसाद सरांनी वारज्याचा आलेख पडद्यावर दाखवला. सगळ्यात जास्त मशीन तिथेच खपली होती. "आता असेच भाग शोधायचे," ते म्हणाले. "लोक घाबरले की पहिले आपण दिसलो पाहिजे."

मीटिंग संपल्यावर प्रियदर्शनी त्यांच्या केबिनमध्ये गेली. "सर, भाग मी शोधेन. पण जाहिरात वाढवायच्या आधी तिथे जाईन आणि पालिकेला फोन करेन."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "जा की. पेट्रोल तुमचं तुम्ही घाला."

ती जागेवर आली आणि नवीन रिपोर्ट उघडला. धानोरीकडून कुणीतरी विचारलं होतं, 'लहान मुलाला सारखे जुलाब'. एकच प्रश्न होता. एकाने काहीच सिद्ध होत नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिने नकाशा काढला, आणि उभ्याउभ्याच वर्तुळ ओढायला घेतलं.