जन्माआधीचा धूर

तुम्ही सिगारेट ओढता का, असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. उभ्या आयुष्यात मी एक झुरका मारलेला नाही. मी बांधकामावरची उंच क्रेन चालवते. वर काचेच्या केबिनमध्ये एकटी बसते, आणि खाली उतरल्यावरही फुंकणाऱ्यांच्या वाऱ्याला उभी राहत नाही.

तरी यंदाच्या तपासणीत ब्लडप्रेशर असं काही चढलेलं निघालं की नर्सनं मशीन बदलून पाहिलं. मग हृदयाची भिंत जाड झालेली दिसली. कंपनीच्या डॉक्टर बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, किती वर्षं ओढताय? झालं, माझी तार सटकली. म्हटलं, काढा रक्त आणि तपासा काय तपासायचं ते. बाईंच्या ओळखीत एक संशोधक होते, त्यांच्याकडे खरंच रक्त गेलं.

निकाल आला तोवर बाई मवाळ झाल्या होत्या. म्हणाल्या, तुमचं बोलणं खरं दिसतंय, पण तुमच्या जनुकांवर खुणा आहेत. बाळ पोटात असताना आई ओढत असेल तर अशा खुणा बसतात. जनुकं तीच राहतात, फक्त कुठलं चालू आणि कुठलं बंद यात फरक पडतो, आणि त्यातलं काही काही मोठेपणीही तसंच राहतं. हृदय त्यामुळेच बिघडलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण अशा मुलांना पुढे हा त्रास जास्त होताना दिसतो. आईला विचारून या, म्हणाल्या. आणि दोन्हीकडच्या माणसांची हृदयं कशी होती तेही विचारा. तुम्हाला पुन्हा वर चढू द्यायचं की नाही, आणि औषध किती कडक द्यायचं, ते त्यावर ठरेल.

मला हसूच फुटलं. माझी आई आणि सिगारेट! जिन्यात कुणी काडी ओढली तर ही बाई तिसऱ्या मजल्यावरून खाली जाऊन त्याची हजेरी घेते. धाकटी मावशी आमच्याकडेच राहते आणि दिवसभर ओढते, पण तिलासुद्धा आई बाल्कनीत उभी करते आणि वर दारही लावून घेते.

घरी आले तेव्हा आई शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होती. मावशी तिच्या नेहमीच्या जागी, बाल्कनीत. मी चपला काढता काढताच आईला विनोद सांगावा तसं सगळं सांगून टाकलं. मशीन थांबलं. आई हसली नाही. माझं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

"तू ओढायचीस?"

तिनं पडद्याची कड अंगठ्यानं दाबून सरळ केली. "हो," म्हणाली.

मग मी जी सुटले ती सुटलेच. जन्मभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवलंस, म्हटलं, आणि स्वतःच्या लेकीचं काळीज ती जन्मायच्या आधीच जाळून ठेवलंस. ढोंगी म्हटलं. आणखीही बोलले, ते आता माझ्या तोंडातून निघायचं नाही. आई एका शब्दानं उलटली नाही. मी दमल्यावर हळूच म्हणाली, डॉक्टरांना सांग, तुझ्या बाबांकडे आणि माझ्याकडे हृदयाचं कुणालाच काही नव्हतं. तेवढं नीट सांग.

बाल्कनीचं दार उघडलं. मावशीच्या हातात सिगारेट नव्हती. ती आईकडे न बघता माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ती खोटं बोलतेय. तिनं कधी हातातही धरली नाही. तू माझ्या पोटात होतीस."

आई म्हणाली, गप्प बस. मावशी गप्प बसली नाही. माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणाली, सिगारेट ओढायचे, सुटली नाही. ताईला मूल होत नव्हतं. दोघींनी मिळून ठरवलं आणि तुझ्या बाबांनी मान्य केलं. आजवर कधी तोंड उघडलं नाही, आताही उघडलं नसतं.

"पण तुझा बाप बेचाळिसाव्या वर्षी उभ्या उभ्या गेला. हृदयानंच. ते डॉक्टरला कळलंच पाहिजे."

मी चाळीस पुरी केली आहेत. एवढ्या उंचावर बसून कधी भोवळ आली नाही, ती आमच्या घरातल्या जमिनीवर उभी असताना आली. मी स्टूल ओढून बसले. दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते आणि ओळखीची वाटत होती ती फक्त भिंत.

आई रडत होती. मावशीवर चिडावं, बापाचं नाव विचारावं, काहीतरी सुचायला हवं होतं. सुचलं ते एवढंच की मघाशी मी हिला काय काय बोलले, आणि हिनं ते सगळं ऐकून घेतलं, न केलेल्या गोष्टीसाठी.

"कबूल कशाला केलंस? मी तुला वाटेल ते बोलले."

आईनं पदरानं नाक पुसलं.

"बोललीस तर बोललीस," ती म्हणाली. "आईलाच बोललीस ना."