पाण्यातला मुका

आबांच्या शोभेच्या दारूच्या धंद्यात पाण्याखाली फुटणाऱ्या गोळ्याला ‘मुका’ म्हणतात. त्यावरून कारखान्यात जे काही विनोद व्हायचे ते झाले, आणि अजूनही होतात. ‘काय, आज तळ्याचे किती मुके घेतले?’ असं कुणीतरी विचारायचं आणि बाकीच्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं खिदळायचं. अर्थ मात्र साधा होता. आकाशात फुटणारा गोळा बोलतो, पाण्यात फुटणारा बोलत नाही. काठावरच्या माणसाला नुसतं ‘धुप्प’ ऐकू येतं, पाण्याला एक टेंगूळ येतं, त्यातून कारंजं उसळतं आणि खेळ खलास. जो बोलत नाही त्याच्यात दम नाही, असं लोक माणसांच्या बाबतीत खुशाल धरून चालतात. आबांच्या घराण्यानं ते गोळ्यांच्या बाबतीतही धरलं होतं. आणि आयुष्यभर बारांच्या शेजारी उभं राहून आबांचे स्वतःचे कान निम्मे गेले होते, ही आणखी गंमत.

आबांची मुलगी या धंद्यात राहिली नाही. शाळेत तिला ‘दारूवाल्याची पोरगी’ म्हणून चिडवायचे आणि ती ‘शोभेच्या’ असं इतक्या ठसक्यात सांगायची की चिडवणाराच खजील व्हायचा. पुढे ती पोहण्यात पडली, पदकं मिळवली, आणि आता गावाच्या पोहण्याच्या तलावावर मुलींना शिकवत होती. सगळे तिला कोचबाई म्हणत. तिची चौदा वर्षांची लेक तिच्याच हाताखाली तयार झाली होती. पाण्याबाहेर फारशी दिसायचीच नाही म्हणून आबांनीच तिचं नाव मासोळी पाडलं होतं.

तळ्याकाठी नवा रस्ता झाला होता आणि त्याच्या उद्घाटनाला काहीतरी जंगी हवं होतं. सोहळ्याचे संयोजक आणि आबा दोघांनी बसून बेत आखला. मुलींनी मनगटाला दिवे बांधून पाण्यात रिंगण धरायचं, रिंगणाच्या आत एकामागून एक मुके उडवायचे, कारंजी उसळणार, मुली हसत हात वर करणार. रिंगणात सगळ्यांत पुढे, गोळ्याच्या सगळ्यांत जवळ, आबांची लाडकी नात.

कोचबाई पहिल्या दिवसापासून नाही म्हणत होती. संयोजकांनी तिला वळसा घालून थेट आईबापांना गाठलं, फोटो छापून येतील म्हणून सांगितलं, आणि तलावाच्या व्यवस्थापकाकडून निरोप आणवला की कोचबाईंना जमत नसेल तर मुलींना दुसरं कुणी पाण्यात उतरवेल. मासोळीनं तर दोन दिवस आईशी अबोला धरला होता.

“तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही,” एवढंच काय ते ती बोलली होती.

कोचबाईच्या हट्टाला कारण होतं. लग्नाआधी एकदा ती याच तळ्यात सराव करत असताना आबांचा एक चुकार गोळा पार पलीकडच्या टोकाला पाण्यात पडून आतच फुटला होता. काठावर कुणी मान वळवून पाहिलं नाही. तिला मात्र छातीत कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं, आणि ती सावरते न सावरते तोच आणखी एक, जरा हलकी. खोकत खोकत ती काठाला आली. कान पुढे कितीतरी दिवस वाजत राहिला. आबा तेव्हा म्हणाले होते, “दचकलीस.” हा एक शब्द तिच्या डोक्यात जो बसला तो निघालाच नाही. पुढे वाचनालयात बसून, मिळतील ती पुस्तकं उलथीपालथी करून तिनं त्या लाथेचा पत्ता लावला.

हवा दबते. गादीवर बुक्की मारावी तशी ती बराचसा मार स्वतःच खाते. पाणी दबायचं नाव घेत नाही, त्यामुळे त्याला बसलेला दणका ते बराच लांबपर्यंत तसाच पुढे ढकलत नेतं. गोळ्याचा धूर पाण्यात फुग्यासारखा फुगतो, पाणी त्याला चेपतं, तो पुन्हा उसळतो. दुसरी लाथ त्याची. आणि हा दणका वर हवेत जवळजवळ निसटतच नाही, पाण्याच्या पाठीला आतून आपटून खालीच परततो. काठावर ऐकू येते ती उरलीसुरली कुजबुज. म्हणजे मुका मुका असतो तो फक्त काठावरच्यांसाठी.

तालमीच्या दिवशी दुपारी पहिला गोळा रिकाम्या पाण्यात उडवायचा होता आणि दुसऱ्याला मुलींना उतरवायचं होतं. कोचबाई आली ती तलावाच्या अडगळीतले जळके बल्ब पिशवीत भरून. मुलींच्या जागा दाखवायला पाण्यात तरंगते डबे बांधले होते. प्रत्येक डब्याच्या काठीला तिनं एक बल्ब वर हवेत टांगला आणि एक खाली, छातीइतक्या खोल पाण्यात सोडला.

“दिव्यांची आरास का?” संयोजकांनी विचारलं.

“बघा तर,” ती म्हणाली.

आबांनी कळ दाबली. धुप्प. टेंगूळ, कारंजं, टाळ्या. मासोळीनं तर शिट्टी मारली. कोचबाई होडीतून जाऊन सगळ्या दोऱ्या गोळा करून आली आणि काठावरच्या फरशीवर मांडल्या. वरचा एकही बल्ब फुटला नव्हता. खालच्या दोऱ्यांना नुसती पितळी टोपणं लोंबत होती.

संयोजकांनी एक टोपण उचलून पाहिलं. “काच ती काच, ताई. मुली काय काचेच्या आहेत?”

“बाकीच्या अंगाचं सोडा, ते पाण्यासारखंच, दणका त्यातून पार जातो. तो फाडतो ते जिथे हवा असते तिथे. बरगड्यांच्या आत काय असतं हो? हवाच ना?”

“आबा, तुम्हीच सांगा,” संयोजक वैतागून म्हणाले.

आबांनी खाकरून घसा साफ केला. नात समोर, कारखान्यातली माणसं समोर. “माझ्या बापानं मुके उडवले, मी उडवले. आजवर कुणाच्या केसाला धक्का लागलाय का, सांग.”

“आजवर कुणी पाण्यात होतं का, आबा?”

आबांचा चेहरा लाल झाला.

“मासोळीला मी तळहाताच्या फोडासारखं जपलंय,” ते म्हणाले. “तिला मी मारीन असं वाटतं तुला?”

“नाही. म्हणून तर सांगतेय.”

“पुरे झालं,” संयोजकांनी टाळी वाजवली. “चला पोरींनो, दुसरा गोळा लावलेला आहे. उतरा पाण्यात.”

मासोळीनं टॉवेल बाजूला टाकला. आईकडे न बघता ती पायऱ्यांकडे निघाली आणि कोचबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं चपला भिरकावल्या, मुलीला खांद्याला धरून मागे सारलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी सूर मारला. मासोळीच्या डब्यापाशी जाऊन ती वळली.

“आबा,” तिथून ती ओरडली, “तिच्या जागेवर मी आहे. आता दाबा कळ.”

“बाहेर ये. तमाशा करू नकोस.”

“तमाशा कसला? मुकाच आहे ना? दाबा की.”

आणि ती पाण्यावर पाठ टेकून आडवी झाली. कान पाण्याखाली गेले आणि काठ एकदम गप्प झाला. नुसती हलणारी तोंडं दिसत होती. संयोजक हातवारे करत होते. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पाय आपोआप काठाकडे वळू बघत होते. तिनं ते वळू दिले नाहीत. ज्या माणसानं आपल्याला ‘दचकलीस’ म्हटलं त्यानं आज एकदा खरं काय ते सांगावं, त्याशिवाय इथून हलायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आबांचा अंगठा कळीवर होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग फरशीवरच्या टोपणांकडे पाहिलं. मग पुन्हा मुलीकडे. संयोजक त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत होते, बहुधा दाबा हो, काही होत नाही, असंच. मग आबांनी अंगठा काढला, ते खाली वाकले आणि त्यांनी कळीच्या दोन्ही तारा उपटून काढल्या.

ती तरीही आली नाही. डोकं वर काढून तिथूनच म्हणाली, “बोला.”

“काय बोलू?”

“का नाही दाबली, ते.”

आबा काठाच्या अगदी कडेला आले. त्यांचा आवाज आधीच चढा, आज तर पलीकडच्या रस्त्यावर पोचला. “मेली असतीस म्हणून. झालं समाधान? तेव्हाही तू दचकली नव्हतीस. मला माहीत होतं. कबूल करवलं नाही. ये आता बाहेर.”

संयोजकांचा चेहरा पडला. “आबा, पत्रिका वाटून झाल्यात. तुम्ही नाही म्हणालात तर मला दुसरा दारूवाला आणावा लागेल.”

“आण,” आबा म्हणाले. “मुलींच्या जागी आधी त्याला तरंगत ठेव. कळ दाबायला मी येतो.”

कोचबाई पायऱ्या चढून आली. मासोळीनं आपला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. लेकीचे ओठ पांढरे पडले होते.

“आई, आबांनी दाबली असती तर?”

“दाबली असती तर दाबली असती.”

“मग उतरलीस कशाला?”

कोचबाईनं केस पिळले. “तू उतरत होतीस ना, म्हणून.”